डिजिटल होलोग्राफिक मायक्रोस्कोपी: होलोग्रामपासून जाडीच्या नकाशापर्यंत, योग्य क्रमाने

डिजिटल होलोग्राफिक मायक्रोस्कोपीत नमुन्यातून आलेला लेसर किरण दुसऱ्या मोकळ्या किरणाशी मिळवतात, त्यातून उमटणाऱ्या पट्ट्यांचे चित्र (होलोग्राम) कॅमेऱ्याने टिपतात आणि नमुन्यात प्रकाशाला लागलेला उशीर, म्हणजे फेज, त्यातून गणिताने काढतात. पण त्या फेजच्या नकाशात कधी पेशींच्या जागी खड्डे दिसतात. पार्श्वभूमी उतरत्या छपरासारखी कललेली असते. मधूनच एखादी रेघ चित्र उभे चिरत जाते. असे झाले की बहुतेक जण फेज अनरॅप करण्याचा, म्हणजे उणे π ते अधिक π मध्ये गुंडाळून मिळालेला कोन सलग करण्याचा, अल्गोरिदम बदलून पाहतात, मग दुसरा, मग तिसरा. चूक मात्र बहुधा तिथे नसते. ती आधीच्या पायऱ्यांत, वारंवारता-चित्रातला डाग कापताना किंवा अंतराचे एकक लिहिताना झालेली असते आणि शेवटच्या चित्रात फक्त दिसते.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. एक नियम सुरुवातीलाच सांगतो: शेवटच्या टप्प्यापर्यंत संमिश्र क्षेत्र, म्हणजे वास्तव आणि काल्पनिक भाग असलेली पूर्ण सारणी, जपून ठेवा. फेजचा कोन जितका उशिरा काढाल तितके बरे.

उदाहरण म्हणून ऑफ-अॅक्सिस (दोन किरण एकमेकांशी कोन करून येतात अशी), पारगामी (प्रकाश नमुन्यातून आरपार जातो अशी) मांडणी घेऊ. हेलियम-निऑन लेसर, तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. २० पट वर्धनाचे ऑब्जेक्टिव्ह, न्यूमरिकल अॅपर्चर (ते किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचे माप) ०.४०. कृष्णधवल कॅमेरा, पिक्सेल ३.४५ मायक्रॉन, त्यातला १०२४ × १०२४ भाग. नमुना: क्षारद्रावणातल्या तांबड्या रक्तपेशी. तुमची मांडणी वेगळी असेल तर आकडे बदला. हिशेब तोच राहील.

सुरुवात करण्याआधी: कागदावरचा हिशेब

हा हिशेब दहा मिनिटांचा आहे आणि तो टाळल्यामुळे आठवडे वाया जातात.

कॅमेऱ्यावर पोचणाऱ्या प्रतिमेत जास्तीत जास्त किती बारीक तपशील असू शकतो? न्यूमरिकल अॅपर्चरला वर्धन आणि तरंगलांबीच्या गुणाकाराने भागा. ०.४० भागिले (२० × ०.६३२८) म्हणजे दर मायक्रॉनला ०.०३१६ आवर्तने. होलोग्रामच्या वारंवारता-चित्रात, म्हणजे कोणत्या बारकाईचा तपशील किती आहे ते दाखवणाऱ्या चित्रात, डाग दिसतात. ही त्यांतल्या वस्तूच्या डागाची त्रिज्या. तिला आपण 'ब' म्हणू.

मधला डाग, म्हणजे शून्य क्रम, याच्या दुप्पट त्रिज्येचा असतो. तो वस्तूच्या डागाला शिवू नये यासाठी पट्ट्यांची वारंवारता किमान ३ ब, म्हणजे ०.०९५ हवी. यातून पट्ट्यांची रुंदी साडेदहा मायक्रॉन निघते, साधारण तीन पिक्सेल. संदर्भ किरण (नमुन्यातून न जाणारा) आणि वस्तू किरण (नमुन्यातून आलेला) यांच्यातला कोन सुमारे ३.४ अंश येतो.

कॅमेऱ्याला हे झेपते का? ३.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलची नायक्विस्ट मर्यादा, म्हणजे तो टिपू शकतो ती कमाल वारंवारता, ०.१४५ आहे. पट्टे ४५ अंशांत तिरपे ठेवले तर आडव्या आणि उभ्या दिशेला प्रत्येकी ०.०६७ वारंवारता येते. त्यात ब मिळवला की ०.०९९. म्हणजे जागा भरपूर आहे. पट्टे तिरपेच ठेवा. वारंवारतेच्या चित्राचा कोपरा हाच शून्य क्रमापासून सर्वांत दूरचा भाग असतो.

आता हे सगळे वारंवारता-चित्राच्या पिक्सेलमध्ये लिहून ठेवा, पुढे हेच आकडे लागतात. १०२४ पिक्सेलांच्या चित्रात वस्तूच्या डागाची त्रिज्या ११२, शून्य क्रमाची २२४, आणि डागाचे केंद्र मध्यापासून दोन्ही दिशांना सुमारे २३७ पिक्सेलांवर.

१. होलोग्राम टिपणे

कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर, स्वयंचलित गेन आणि गॅमा (उजेड आणि पिक्सेलचा आकडा यांचे प्रमाण वाकवणारी सेटिंग) हे तिन्ही बंद करा. गॅमा १ ठेवा. पट्टे ज्या सरळ प्रमाणावर उभे असतात ते प्रमाण गॅमामुळे मोडते.

एक्स्पोजर कमी ठेवा. टेबल हलके थरथरत असेल तर लांब एक्स्पोजरमध्ये पट्टे पुसट होतात आणि पुढे कोणतीही गणिती युक्ती ते परत आणू शकत नाही. उजेड कमी पडला तर लेसरची शक्ती वाढवा, वेळ वाढवू नका.

प्रत्येक नमुन्यासोबत आणखी एक चित्र टिपायचेच: संदर्भ होलोग्राम. स्लाइड न काढता ती थोडी सरकवून पेशी नसलेली मोकळी जागा कॅमेऱ्यासमोर आणा आणि त्याच सेटिंगवर, काही मिनिटांच्या आत हे चित्र घ्या. स्लाइड काढून घेतलेला संदर्भ चालत नाही, कारण काच आणि द्रव यांचा परिणामही आपल्याला वजा करायचा आहे.

> सावधान: होलोग्राम जेपेगमध्ये कधीही साठवू नका. डोळ्याला चित्र तसेच दिसते, पण जेपेग सर्वांत आधी बारीक तपशीलच टाकून देते, आणि आपली सगळी माहिती त्या बारीक पट्ट्यांत असते. आमच्याकडे एकदा पूर्ण दिवसाचे मोजमाप असेच गेले. टिफ वापरा, शक्यतो १२ बिटांचे.

> तपासा: हिस्टोग्राममध्ये उजव्या कडेला सुळका आहे का? असेल तर पिक्सेल संपृक्त झाले आहेत. चित्राच्या मध्यावर आडवी १०० पिक्सेलांची रेघ घेऊन पट्टे मोजा. आपल्या हिशेबाने सुमारे २३ पट्टे यायला हवेत. १० आले तर कोन कमी आहे. आत्ताच आरसा फिरवा, संगणकावर पोचल्यावर तो फिरवता येणार नाही.

२. वारंवारता-चित्र आणि तीन डाग

चित्र वाचल्याबरोबर ते दशांश संख्यांत बदला. ८ बिटांच्या पूर्णांकांतून वजाबाकी केली तर ऋण संख्या २५५ च्या बाजूने उलटून परत येतात आणि कोणताही इशारा मिळत नाही. मग चित्राची सरासरी वजा करा, एफएफटी (चित्राचे वारंवारतांमध्ये रूपांतर) घ्या, शून्य वारंवारता मध्यावर आणा आणि परिमाणाचा लॉगरिदम बघा. लॉगरिदम न घेता पाहिले तर मधला एक ठिपका सोडून सगळे काळे दिसते.

तीन डाग दिसले पाहिजेत: मध्ये शून्य क्रम, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकमेकांची प्रतिबिंबे असलेले दोन. हे दोन डाग डोळ्याला सारखे असले तरी एकात वस्तूचे क्षेत्र आहे आणि दुसऱ्यात त्याचे संयुग्म, म्हणजे फेजचे चिन्ह उलटलेले तेच क्षेत्र. कोणता डाग निवडायचा ते मांडणीवर अवलंबून असते. एकदा ठरवा, लिहून ठेवा, आणि नंतर प्रत्येक वेळी तोच घ्या. चुकीचा निवडला तर फेजचे चिन्ह उलटते, पेशींच्या जागी खड्डे येतात आणि फोकसचे अंतरही उलट्या चिन्हाने येते.

> तपासा: डागाच्या मध्यावर टोकदार ठिपका आहे का? ठिपक्याऐवजी पसरट, चौकोनी फुगवटा दिसत असेल तर ऑब्जेक्टिव्हची गोलीय वक्रता होलोग्राममध्ये आली आहे. ती पुढे काढता येते, पण अशा वेळी ११२ ची त्रिज्या पुरणार नाही. फुगवटा पूर्ण मावेल एवढी खिडकी ठेवा. दुप्पट वारंवारतेवर आणखी एक फिकट डाग दिसला तर संपृक्तता किंवा गॅमा तपासायला पहिल्या टप्प्यावर परत जा.

३. डाग कापणे

निवडलेल्या डागाभोवती ११२ पिक्सेल त्रिज्येची गोल खिडकी ठेवा आणि बाकी सगळे शून्य करा.

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. 'गोंगाट कमी दिसतो' म्हणून त्रिज्या ५० केली की पेशीच्या कडा विरघळतात. चित्र गुळगुळीत दिसते आणि मोजणारा खूश होतो, पण ऑब्जेक्टिव्हची अर्धी क्षमता फेकून दिलेली असते. उलट, त्रिज्या २०० केली तर शून्य क्रमाचा काठ आत शिरतो आणि फेजच्या नकाशावर बारीक पट्टे उमटतात. त्रिज्या डोळ्याने ठरवू नका. हिशेबातून आलेली घ्या.

खिडकीची कड धारदार ठेवली तर पेशींभोवती वर्तुळाकार लहरी येतात. शेवटच्या दहाएक पिक्सेलांत खिडकी १ वरून ० वर हळूहळू उतरू द्या.

> सावधान: मास्क लावणे आणि कापून लहान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मास्क लावला तर सारणी १०२४ चीच राहते आणि नमुन्यावरचा पिक्सेल ३.४५ भागिले २०, म्हणजे ०.१७२५ मायक्रॉन राहतो. डाग २५६ × २५६ च्या चौकोनात कापून घेतला तर गणना जलद होते, माहितीही जात नाही, पण पिक्सेल चौपट होऊन ०.६९ मायक्रॉन होतो. साडेसात मायक्रॉनची रक्तपेशी दोन मायक्रॉनची निघाली तर दोष पेशीत शोधू नका.

४. उतार आणि वक्रता काढणे, फोकस करण्याआधी

या टप्प्याचा क्रम सर्वांत जास्त वेळा चुकतो. 'उतार शेवटी वजा करू' असे म्हणून लोक थेट फोकस करायला जातात. पण क्षेत्रात उतार शिल्लक असेल तर अंतर बदलताना पूर्ण प्रतिमा बाजूला सरकत जाते. वक्रता शिल्लक असेल तर अंतरासोबत वर्धनही बदलते. मग वेगवेगळ्या खोलीवरच्या पेशींचे व्यास जुळत नाहीत आणि कारण सापडत नाही. दोन्ही आधी काढा.

उतार काढण्यासाठी डागाचे शिखर मध्यावर आणायचे. शिखराची जागा एका पिक्सेलने चुकली तर चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २ पायचा (2π, म्हणजे एका पूर्ण आवर्तनाचा) उतार राहतो, अर्ध्या पिक्सेलने चुकली तर एक पायचा. पूर्ण पिक्सेलांनी सरकवणे म्हणूनच फक्त कच्चे काम आहे. शिखर नमुन्याच्या होलोग्राममध्ये शोधूच नका, कारण पेशींमुळे ते ढळते. मोकळ्या जागेच्या होलोग्राममध्ये शोधा.

सर्वांत भरवशाचा मार्ग असा:

१. नमुन्याचा आणि संदर्भाचा, दोन्ही होलोग्रामांवर अगदी तीच खिडकी आणि तेच सरकवणे वापरा.
२. दोन्हींची उलटी एफएफटी घेऊन दोन संमिश्र क्षेत्रे मिळवा.
३. संदर्भ क्षेत्राचा फक्त फेज घ्या, त्याचे चिन्ह उलटवा आणि नमुन्याच्या क्षेत्राला त्याने गुणा.

उरलेला उतार, ऑब्जेक्टिव्हची वक्रता, आरशांचे दोष, धुळीची वलये हे सगळे दोन्हींत सारखे असल्यामुळे एकदमच जाते. पूर्ण संदर्भ क्षेत्राने भागाकार करू नका. धुळीमुळे जिथे त्याचे परिमाण शून्याजवळ असते तिथे भागाकार भडकतो.

संदर्भ होलोग्राम घ्यायचा राहिलाच असेल तर मोकळ्या जागेतल्या फेजवर दुसऱ्या घाताची बहुपदी बसवून ती वजा करता येते. पण ती फक्त पेशी नसलेल्या पिक्सेलांवर बसवा. पेशींसकट पूर्ण चित्रावर बसवली तर बहुपदी पेशींची उंचीच गिळते. आणि अर्ध्याहून जास्त जागा पेशींनी व्यापली असेल तर हा मार्ग नको, होलोग्राम पुन्हा घ्या.

> तपासा: मोकळ्या जागेचे दोन वेगवेगळे होलोग्राम एकमेकांवर चालवून पाहा. फेज सपाट यायला हवा. तो कललेला आला तर दोन चित्रांच्या मधल्या वेळात मांडणी हलली आहे.

५. संख्यात्मक फोकस

पेशी ऑब्जेक्टिव्हच्या नेमक्या फोकसमध्ये नसतील तर क्षेत्र गणिताने पुढे किंवा मागे न्यायचे. इथे कोनीय वर्णपट पद्धत वापरा. क्षेत्राची एफएफटी घ्यायची, प्रत्येक वारंवारतेला तिच्या अंतरानुसारचा फेज गुणायचा आणि उलटी एफएफटी घ्यायची. मायक्रोस्कोपीसाठी हीच सोयीची, कारण हिच्यात पिक्सेल बदलत नाही. एकाच रूपांतराच्या फ्रेनेल पद्धतीत पिक्सेल अंतरासोबत बदलतो. आपल्याच आकड्यांनी कॅमेऱ्याच्या बाजूला १०० मिलिमीटरवर तो १७.९ मायक्रॉन होईल आणि प्रत्येक अंतराला मोजपट्टी वेगळी लागेल.

आता एककांचा घोटाळा. तो एवढ्या जणांचा होतो की सावकाश सांगतो. अंतर दोन ठिकाणी मोजता येते: कॅमेऱ्याच्या बाजूला किंवा नमुन्याच्या बाजूला. आडवे वर्धन २० पट असले की खोलीचे वर्धन त्याचा वर्ग, म्हणजे ४०० पट होते. शिवाय नमुना पाण्यात असेल तर त्याला पाण्याच्या अपवर्तनांकाने, १.३३ ने, भागायचे. म्हणजे पाण्यातल्या १५ मायक्रॉन खोलीला कॅमेऱ्याच्या बाजूला सुमारे साडेचार मिलिमीटर होतात.

- कॅमेऱ्याची बाजू निवडली तर: पिक्सेल ३.४५ मायक्रॉन, अंतर ४.५ मिलिमीटर, तरंगलांबी ०.६३२८ मायक्रॉन.
- नमुन्याची बाजू निवडली तर: पिक्सेल ०.१७२५ मायक्रॉन, अंतर १५ मायक्रॉन, तरंगलांबी ०.६३२८ भागिले १.३३.

दोन्ही रांगांची सरमिसळ करू नका. ३.४५ च्या पिक्सेलसोबत १५ मायक्रॉन दिले तर चित्र जराही बदलत नाही आणि माणूस 'फोकस होतच नाही' म्हणतो. ०.१७२५ सोबत साडेचार मिलिमीटर दिले तर सगळ्याचा चिखल होतो. ही दोन लक्षणे ओळखीची वाटली तर प्रोग्रॅम तपासण्याआधी एकके तपासा.

फोकस सापडला हे कसे ओळखायचे? सवयीने आपण जिथे चित्र सर्वांत ठसठशीत तिथे फोकस मानतो. प्रकाश शोषणाऱ्या वस्तूंसाठी ते बरोबर आहे. रक्तपेशी मात्र लाल प्रकाश जवळजवळ शोषत नाहीत, फक्त त्याला उशीर लावतात. अशा वस्तू नेमक्या फोकसमध्ये परिमाणाच्या चित्रातून जवळजवळ नाहीशा होतात, आणि फोकसच्या पुढे-मागे त्यांच्याभोवती वलये उठतात. म्हणून इथे परिमाणाचा कॉन्ट्रास्ट सर्वांत कमी होतो ते अंतर शोधायचे. कमाल शोधणारा ऑटोफोकस तुम्हाला हमखास चुकीच्या जागी नेईल.

> तपासा: परिमाणाचे चित्र ठीक होईपर्यंत फेजकडे पाहू नका. एक-एक मायक्रॉनच्या पायरीने नमुन्याच्या बाजूला उणे २० ते अधिक २० पर्यंत जा आणि कॉन्ट्रास्टचा आलेख काढा. एकच स्पष्ट दरी दिसली पाहिजे. अंतर बदलताना पेशी बाजूला सरकताना दिसल्या तर चौथा टप्पा अर्धवट राहिला आहे.

६. फेज काढणे, आणि अनरॅप टाळता आले तर टाळणे

कोन काढण्याआधी एक छोटे काम. मोकळ्या जागेतला एक तुकडा निवडा, त्यातल्या संमिश्र संख्यांची सरासरी घ्या, त्या सरासरीचा कोन पूर्ण क्षेत्रातून काढून टाका. आता पार्श्वभूमी शून्यावर बसली. हे केले नाही तर पार्श्वभूमी योगायोगाने पायच्या काठावर येऊ शकते आणि सपाट जागीही उड्या दिसतात.

मग हिशेब करा. रक्तपेशी आणि क्षारद्रावण यांच्या अपवर्तनांकांतला फरक सुमारे ०.०६ आणि जाडी दोन-सव्वादोन मायक्रॉन. फेज साधारण १.३ रेडियन येतो, म्हणजे पायच्या बराच खाली. इथे अनरॅप करण्याची गरजच नाही, आणि जे करायची गरज नाही ते केल्याने फक्त नवे दोष येतात.

गरज असेल तेव्हा विश्वासार्हतेच्या क्रमाने पिक्सेल जोडणारा अल्गोरिदम घ्या. पायथॉनच्या सायकिट-इमेजमध्ये तो तयार मिळतो. पायथॉनच्याच नमपाय लायब्ररीचे एका दिशेने चालणारे अनरॅप चित्रावर वापरू नका. एका खराब पिक्सेलची चूक ते पूर्ण ओळभर ओढत नेते, सुरुवातीला सांगितलेली चिरत जाणारी रेघ बहुधा तीच. आणि कोणताही अल्गोरिदम घेतला तरी शेजारच्या दोन पिक्सेलांतला खरा फरक पायपेक्षा कमी असावा लागतो. उभ्या कड्यासारखी पायरी असेल तर माहितीच होलोग्राममध्ये नाही.

> सावधान: गोंगाट घालवायला गुंडाळलेल्या फेजवर सरासरी किंवा मीडियन फिल्टर चालवू नका. अधिक पाय आणि उणे पाय हे एकच कोन आहेत, पण त्यांची सरासरी शून्य येते. अनेक होलोग्रामांची सरासरी घ्यायची असेल तर प्रत्येकाची पार्श्वभूमी वरीलप्रमाणे शून्यावर आणून संमिश्र क्षेत्रांची सरासरी घ्या.

७. फेजपासून जाडी

पारगामी मांडणीत जाडी म्हणजे फेज गुणिले तरंगलांबी, भागिले २ पाय गुणिले अपवर्तनांकांतला फरक. परावर्तनात प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून हवेतल्या पृष्ठभागाची उंची म्हणजे फेज गुणिले तरंगलांबी भागिले ४ पाय. तिथे एका रेडियनला सुमारे ५० नॅनोमीटर. दुसऱ्याचा प्रोग्रॅम उचलताना हा दोनचा गुणक आधी बघा.

पारगामी मांडणीतली जाडी अपवर्तनांक गृहीत धरूनच निघते, हे अहवालात लिहा. अपवर्तनांक माहीत नसेल तर जाडी सांगू नका, प्रकाशीय पथांतर नॅनोमीटरमध्ये सांगा. सोबत मोकळ्या जागेतल्या फेजचे प्रमाण विचलनही द्या. ते ०.०५ रेडियन असेल तर ०.०६ च्या फरकाला जाडीत सुमारे ८४ नॅनोमीटरची अनिश्चितता येते. दोन पेशींमधला ५० नॅनोमीटरचा फरक मग निष्कर्ष म्हणून मांडता येणार नाही.

८. मण्यावर पडताळणी

पेशींवर विश्वास ठेवण्याआधी पूर्ण साखळी एकदा ५ मायक्रॉनच्या पॉलिस्टायरीन मण्यावर चालवा. लाल प्रकाशात त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५९. मणी पाण्यात ठेवून पाहणे ही इथली नेहमीची चूक. फरक ०.२५ च्या वर जातो, मध्यावर फेज दोन तरंगलांबींहून जास्त होतो आणि मण्याची कड इतकी तीव्र असते की अनरॅप तिथे फसतेच. मणी इमर्शन तेलात ठेवा. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५१५, म्हणजे फरक ०.०७ च्या आसपास आणि मध्यावर फेज साधारण साडेतीन रेडियन. तो पायच्या थोडा वर असल्याने अनरॅप लागेल, पण सोपे लागेल. तेलात खोलीच्या हिशेबातही १.३३ ऐवजी १.५१५ घ्यायला विसरू नका.

आता तीन गोष्टी पाहा. फेज धन आला का? नसेल तर दुसऱ्या टप्प्यात उलटा डाग निवडला. व्यास ५ मायक्रॉन आला का? नसेल तर पिक्सेलचा आकार किंवा चौथ्या टप्प्यातली वक्रता. मध्यावरची जाडी ५ मायक्रॉनच्या जवळ आली का? बरोबर निम्मी किंवा दुप्पट आली तर सातव्या टप्प्यातला गुणक, आणि व्यास बरोबर असून जाडी थोडी कमी व कडा लोळलेल्या असतील तर तिसऱ्या टप्प्यातली खिडकी लहान पडली आहे.

मणी जुळला की खिडकीचे केंद्र, त्रिज्या, पिक्सेल, तरंगलांबी, माध्यमाचा अपवर्तनांक आणि निवडलेला डाग हे सहा आकडे मूळ होलोग्रामच्या शेजारी एका मजकूर-फाइलमध्ये ठेवा, आणि अंतिम फेजच्या चित्राबरोबर पाचव्या टप्प्यानंतरचे संमिश्र क्षेत्रही साठवा. आरशाला कोणी हात लावला, तर मणी पुन्हा.